भिंतीवरचं शीट आणि शेजारचा बोर्ड

ओला_वॉश

नमस्कार मंडळी. दोन वर्षं या फोरमवर नुसती वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. कोल्हापुरात पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव भुदरगड तालुक्यात. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, आणि गणपतीच्या मखरापासून शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारापर्यंत गावातलं सगळं रंगकाम माझ्याकडे. सीईटी देऊन प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या चित्रकलेच्या सरांनी त्यांचा जुना ड्रॉइंग बोर्ड मला दिला. अजून तोच वापरते.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की वर्गातले निम्म्याहून जास्त ए ग्रेडवालेच आहेत. स्टिल लाइफची शीटं भिंतीला लावायची, मग सर एकेका शीटपुढे थांबत जाणार, अशी पद्धत. पहिल्या वेळी सर माझ्या शीटपुढे थांबलेच नाहीत. तो दिवस मला तारखेसकट आठवतो.

तेव्हा मला सावरलं ते माझ्या रूममेटने. ती मिरजेकडची. दर रविवारी पहाटे आम्ही दोघी रंकाळ्यावर लँडस्केपला जायचो. चांगल्या कंपनीची कोबाल्ट ब्लूची ट्यूब एकटीला परवडत नव्हती, म्हणून दोघींत एक घेतली. पाण्याचा डबाही एकच. ती आधी आकाश टाकायची, मी आधी झाडं. तिचा वॉश (पातळ रंगाचा थर) वाळेपर्यंत ती माझ्या कागदाकडे बघायची आणि न विचारता सांगायची, "सावलीत काळा नको घालूस, निळ्यातून जांभळ्याकडे ने." मीही तिला असंच सांगायचे. पहिल्या वर्षात मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्या काठावर शिकले.

मग वार्षिक प्रदर्शन आलं. दोघींची चित्रं लागली. बक्षीस तिच्या रंकाळ्याला मिळालं. ते चित्र माझ्या शेजारी झालेलं. पाण्यातली सावली तुटक ठेव, हे तिला मी सांगितलं होतं. सगळे तिच्याभोवती होते आणि मी माझ्या चित्राचा माउंट सरळ करत कोपऱ्यात उभी राहिले. अभिनंदन केलं ते रात्री, दिवा बंद झाल्यावर. ती "हं" म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

याला पाच महिने झाले. खोली तीच आहे, पण वर्गात आमचे बोर्ड दोन टोकांना असतात. या सत्रात माझे मार्क वाढलेत, सर आता माझ्या शीटपुढे थांबतात. पण रंकाळ्यावर एकटी जाते आणि अर्धवट शीट घेऊन परत येते. हातात पूर्वीची मजा राहिलेली नाही. जलरंगात ते लपत नाही, वॉश लगेच मळकट होतो.

ज्यांनी कला शिकली आहे त्यांना विचारते. जिच्याशी स्पर्धा आहे तिच्याशीच मैत्री टिकते का? आणि गेलेली मजा परत येते का?

मोरपंखी_शाई

अगं, वाचताना पोटात तुटलं. मी अप्लाइड आर्टची, पुण्यात शिकले. दुसरं वर्ष सगळ्यांचंच असं जातं. पहिल्या वर्षी सगळे नवखे असतात, तिसऱ्यापासून प्रत्येकाला आपापली वाट दिसायला लागते. मधल्या वर्षात सगळे एकमेकांच्या शीटकडे बघून स्वतःला मोजत असतात. सबमिशनच्या आदल्या रात्री माझं लेटरिंग अर्धं राहिलं होतं. ज्या मुलीशी मी महिनाभर बोलत नव्हते ती काही न बोलता शेजारी बसली आणि माझ्या अक्षरांच्या कडा भरायला लागली. पहाटे चारला काम संपलं. आज ती माझ्या मुलाची मावशी आहे. तू बोल तिच्याशी.

गिरगावचा_चित्रकार

ओला_वॉश, मी सर ज. जी. कलाशाळेत ऐंशीच्या दशकात होतो. तुझं पत्र वाचून लाइफ क्लासमधली 'डाँकी' आठवली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुढे बोर्ड टेकवता येतो असा बसायचा लाकडी बाक.) मॉडेलभोवती अर्धवर्तुळात डाँक्या लावलेल्या असायच्या. मॉडेल एकच, पण प्रत्येकाला दिसणारी बाजू वेगळी. माझ्या डावीकडे बसणाऱ्या मुलाला मॉडेलचा खांदा दिसायचा, मला पाठ. विश्रांतीच्या वेळी आम्ही जागा बदलून एकमेकांची ड्रॉइंग बघायचो. पाठीचं वजन कुठल्या पायावर पडतंय हे मला त्याच्या जागेवर बसल्यावर कळलं, माझ्या जागेवरून ते दिसणं शक्यच नव्हतं.

आमच्या शाळेच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. शाळा १८५७ ची. ग्रिफिथ्स नावाचे शिक्षक १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या नकला करून घेत. हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांतले. अंधाऱ्या लेण्यात एकाने उजेड धरायचा आणि दुसऱ्याने रेषा उतरवायची, असंच ते झालं असणार असं मी मनात रंगवतो. त्यातल्या पुष्कळ नकला पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण ती मुलं तिथे एकमेकांशेजारी बसून जे बघायला शिकली, ते त्यांच्या हातात राहिलं असणार.

आणि मुंबईतल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचं उदाहरण तर द्यायलाच हवं. त्यातले सूझा मूळचे गोव्यातल्या सालिगावचे. छोडो भारत चळवळीत भाग घेतला म्हणून १९४५ मध्ये त्यांना आमच्या शाळेतून काढून टाकलं. दोन वर्षांनी त्यांनी रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे यांच्यासोबत ग्रुप उभा केला. बघ कशी मंडळी होती: आरा गाड्या धुण्याची कामं करत. हुसेन सिनेमाचे बोर्ड रंगवत. गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, बाक्रे शिल्पकार. एकाची शैली दुसऱ्यासारखी नव्हती आणि प्रत्येकाला मोठं व्हायचं होतं. १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला. पुढे ग्रुप विरला, पण रझा आयुष्यभर मित्रांना पत्रं लिहीत राहिले. मला वाटतं, महत्त्वाकांक्षा आणि मैत्री एका माणसात मावतात. ते जमतं का हा प्रश्न मला कधी पडला नाही. कसं जमवायचं, यावरच बोलू या.

एकांत_हवा

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, कुणी रागावू नये. आपण मुलांना उगाच घोळक्यात ढकलतो. चित्र शेवटी एकट्यानेच करायचं असतं. गायतोंडे बघा. नागपुरात जन्म, ज. जी. मध्ये शिक्षण, आणि पुढे दिल्लीत जवळपास एकांतात राहून वर्षाला मोजके कॅनव्हास. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तुमच्याच कोल्हापूरचे आबालाल रहिमानही रंकाळ्याकाठी, कोटितीर्थाकाठी एकटेच चित्रं काढत बसत. या मुलीचे मार्क वाढलेत, सर तिच्या शीटपुढे थांबतात. कदाचित तिला एकटीने जाण्याची वेळ आली असेल आणि ती त्यालाच दुःख समजत असेल.

गिरगावचा_चित्रकार

एकांत_हवा, मुद्दा खरा आहे आणि मला तो मान्यही आहे. पण गायतोंड्यांची मुंबईतली वर्षं विसरू नका. वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करायचे. तिथेच हुसेन होते, अल्काझींची नाटकाची मंडळी होती. एकाच आवारात चित्र, नाटक, संगीत. पुढचा एकांत त्यांनी स्वतः निवडला, आणि तो निवडण्याआधी त्यांनी भरपूर माणसं बघितली होती. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचा एकांत भांडणातून आलेला आहे. हे दोन्ही मी एका तागडीत टाकणार नाही.

पापाची_तिकटी

पोरी, तू ज्या गावात शिकतीस त्या गावाचीच गोष्ट सांगतो. जरा लांबंल, पण वाच.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर. नात्यानं भाऊ. दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. नाटकाचा पडदा किती मोठा असतो तू बघितला नसशील. एकजण वर शिडीवर, तर दुसरा लांब जाऊन सांगणार, की कमान कलली, खांब फुगला. जवळ उभ्या असलेल्या माणसाला आपली चूक दिसतच नाही. तिथं शेजाऱ्याचा डोळा लागतो, हौस म्हणून न्हवं, कामाची गरज म्हणून.

मग दोघांना सिनेमानं पछाडलं. कॅमेरा स्वतःच तयार करायचा म्हणून झटत होते. १९१६ ला आनंदराव गेले. बाबूरावांनी ते काम सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ ला कॅमेरा उभा केला आणि त्यातनं १९२० ला 'सैरंध्री' निघाला. भाऊ गेल्यावर दोन वर्षं त्याचंच अर्धं काम हातात धरून बसायचं म्हणजे काय, ते मला विचार केला की गलबलून येतं.

आता खरी गोष्ट पुढं. बाबूरावांच्या त्याच सिनेमाच्या कारखान्यात दामले आणि शेख फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा, एकत्र शिकले. दोघं एका गुरूचे चेले, त्यामुळं मोठं व्हायची ईर्षा दोघांतही असणारच की. पण १९२९ ला प्रभात कंपनी इथंच कोल्हापुरात निघाली, तेव्हा दोघं बरोबर. १९३३ ला कंपनी पुण्याला गेली, तिथंही बरोबर. दामल्यांनी ध्वनी सांभाळला, फत्तेलालांनी कलादिग्दर्शन. १९३६ चा 'संत तुकाराम' दोघांनी मिळून दिग्दर्शित केला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक म्हणून नाव येतं ते जोडीनंच, दामले-फत्तेलाल. आमचे आजोबा ही दोन नावं एका दमात घ्यायचे, मला लहानपणी तो एकच माणूस वाटायचा.

आबालाल मास्तरांचं वर कुणी काढलंय, म्हणून तेही सांगतो. शाहू महाराज १९२२ ला गेले तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली अशी गोष्ट आमच्याकडं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण गावानं ही गोष्ट शंभर वर्षं जपली, ती का? चित्र बघणारं आपलं माणूस गेलं की चित्राचं काय करायचं, हे दुःख लोकांना कळलं म्हणून.

रंगपेटी

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून एकोणीस वर्षं झाली. इतिहासाबद्दल वर छान लिहिलंय, मी जरा व्यवहाराचं लिहिते.

बाळा, सगळ्यात आधी हे मनातून काढून टाक की तू वाईट मुलगी आहेस. मैत्रिणीला बक्षीस मिळाल्यावर आत कळ येते, ती सगळ्यांना येते. आमच्या क्षेत्रात तर जास्तच, कारण गणिताचा पेपर घडी घालून दप्तरात ठेवता येतो, आपलं काम मात्र भिंतीवर टांगलेलं असतं, चाळीस जणांच्या डोळ्यांसमोर. भिंत पद्धत म्हणून चांगली आहे, मी स्वतः ती वापरते. पण भिंतीवर फक्त झालेलं काम दिसतं. चौथ्या वॉशला हात का थांबला, कागद खरवडून पांढरा काढायची वेळ का आली, हे फक्त शेजारी बसलेल्यालाच माहीत असतं. तुझ्या मैत्रिणीच्या बक्षीसपात्र चित्रातलं असं सगळं जाणणारी जगात एकच व्यक्ती आहे, ती तू. आणि त्या संध्याकाळी तीच व्यक्ती कोपऱ्यात माउंट सरळ करत होती. तिला ते दिसलं नसेल असं वाटतं का तुला?

मी आठवी-नववीच्या वर्गात एक करते. निसर्गचित्राच्या तासाला अर्धा वेळ झाला की बोर्ड अदलाबदल. शेजाऱ्याच्या चित्रावर रंग लावायचा नाही, फक्त पेन्सिलने मागच्या बाजूला दोन वाक्यं लिहायची: मला इथे काय आवडलं, आणि माझी नजर कुठे अडकली. 'छान' लिहायला बंदी. सुरुवातीला मुलं लाजतात, मग त्यांना त्या मागच्या बाजूचीच ओढ लागते. एका मुलाने दहावीनंतर सगळी चित्रं रद्दीत दिली, पण मागे लिहिलेले कागद फाडून वहीत ठेवले होते. त्याच्या आईने मला ती वही दाखवली.

तू माफीचं भाषण करत बसू नकोस. तिच्या कामाबद्दल एक खरं वाक्य बोल. आमच्या लोकांत मैत्री अशीच दुरुस्त होते.

आणि एक विचारायचं राहिलं. नीट जेवतेस ना? सबमिशनच्या दिवसांत मुली चहा-बिस्किटावर राहतात आणि मग मजा गेली म्हणतात. निम्मी मजा झोपेबरोबर गेलेली असते.

एका_मुलीचा_बाप

मी कलाक्षेत्रातला नाही. माझ्या मुलीने एका कला महाविद्यालयातून दुसऱ्या वर्षानंतर नाव काढलं. आम्हाला वाटलं अभ्यास झेपत नाही. दोन वर्षांनी तिने सांगितलं, की बाबा, चित्र जमत होतं, पण दिवसभर कुणी माझ्याशी बोलत नव्हतं आणि मीही कुणाशी बोलत नव्हते. आम्ही फोनवर रोज फक्त मार्क विचारत होतो. मैत्रीण आहे का कुणी, हे एकदाही विचारलं नाही. इथे पालक वाचत असतील तर त्यांनी हे एवढं जरूर विचारावं. ती आता घरी मुलांचे वर्ग घेते, खुश आहे. पण ती दोन वर्षं मला परत हवी आहेत.

मोरपंखी_शाई

काका, तुमचा प्रतिसाद वाचून उठून आईला फोन केला.

आल्तिनोची_पायरी

गोव्यातून लिहिते. पणजीला आल्तिनोवर आमचं कॉलेज. दुपारी फोंतेन्यशच्या गल्ल्यांत स्केचिंगला बसलो की घरातली आजी खिडकीतून सगळ्यांसाठी पाणी द्यायची, आणि जिचं चित्र सगळ्यात वाईट तिचं आधी मागून बघायची! तिथे आमची ईर्षा आपोआप विरघळायची. माझा अनुभव असा, की वर्गाच्या आत जे अडतं ते बाहेर उन्हात बसल्यावर सुटतं. तुम्ही दोघी वर्गात बोलू नका, रंकाळ्यावर बोला.

कासेलची_वारी

मी जर्मनीत कासेलला कला शिकते आहे, मूळची नाशिकची. इकडच्या अकादम्यांत 'क्लासे' असते, म्हणजे एका प्राध्यापकाकडे वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी कित्येक सत्रं एकत्र. स्टुडिओ सामायिक, आणि ठरलेल्या दिवशी सगळे मिळून एकाच्या कामावर दोन-दोन तास बोलतात. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर लक्षात आलं की बारा माणसं दोन तास फक्त माझ्या चित्राकडे बघत होती. इतकं लक्ष मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मार्कांची धास्ती इथे कमी आहे, पण गॅलरीची आहे. वर्षाअखेरीला लोकांना स्टुडिओ खुले करतात तेव्हा कुणाच्या भिंतीपुढे गर्दी, कुणाच्या भिंतीपुढे शुकशुकाट, हे इथेही आहेच. त्या दिवशी आम्ही एक करतो: ज्याच्या भिंतीपुढे कुणी नाही, तिथे क्लासमधले दोघं जाऊन उभे राहतात आणि खरंच चित्रावर बोलायला लागतात. पाचेक मिनिटांत तिसरा येतोच.

एकांत_हवा

कासेलची_वारी, हे फार आवडलं. रंगपेटी ताईंचं मागच्या बाजूला लिहिणंही. माझं म्हणणं थोडं दुरुस्त करतो. चित्र करताना एकटं असावं, या मतावर मी आहे. पण झालेलं चित्र एकट्याने बघू नये. मी स्वतः अकरा वर्षं एकट्याने बघतो आहे, आणि त्याची सवय झाली म्हणजे ते बरोबर आहे असं नाही.

ओला_वॉश

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रंगपेटी ताई, जेवते हो. (कालपासून.) पापाची_तिकटी काका, कोटितीर्थावरून रोज जाते, आता वेगळ्या नजरेने बघीन.

काल संध्याकाळी काय झालं ते लिहिते. पावसाने कागद वाळत नाही म्हणून ती खोलीत इस्त्री गरम करून कागदाच्या मागून फिरवत होती. नवं लँडस्केप, पन्हाळ्याचं. माफी मागायचं ठरवलं होतं, पण रंगपेटी ताईंचं वाक्य आठवलं आणि फक्त चित्र बघितलं. मग म्हटलं, "बुरुजाखालची सावली फार थंड झालीय. दगड दिवसभर तापलेला असतो, खालून थोडा ऊबदार प्रकाश परत येईल ना?"

ती इस्त्री धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "दोन महिने मला ते खटकतंय आणि नेमकं काय खटकतंय ते कळत नव्हतं. बक्षीस मिळाल्यापासून मला कुणी काही सांगतच नाही. सगळे छान म्हणतात. तूसुद्धा बोलायची थांबलीस." आणि ती रडायला लागली. मी इतके दिवस समजत होते की तिच्याभोवती माणसं आहेत आणि मी एकटी आहे.

सगळं पूर्वीसारखं झालंय असं म्हणणार नाही. माझ्या आत ती कळ अजून आहे, आणि पुढच्या प्रदर्शनात ती परत येईल हेही माहीत आहे. तिलाही मी ते सांगितलं. ती म्हणाली, माझे या सत्राचे मार्क बघून तिलाही असंच झालं होतं.

कोबाल्टची ट्यूब तिच्याकडेच होती. पाच महिन्यांत दोघींनीही नवी घेतलेली नाही, ती पार चपटी झालीय. रविवारी पाऊस उघडला तर सहाला निघायचं ठरलंय. संध्यामठाच्या बाजूला बसू म्हणतोय.

पापाची_तिकटी

संध्यामठ आता पाण्यात असंल, पावसाळ्यात बुडतोच तो. वरचा भाग दिसला तर दिसला. तुम्ही शालिनी पॅलेसच्या अंगाला बसा. आणि कापडी छत्री न्या, काळी नको निळी नको, पांढरी न्या. रंगीत छत्रीखाली कागदावर तिचाच रंग उतरतो आणि मग दोघी भांडत बसाल आकाश कुणाचं चुकलं म्हणून.